अठराव्या वाढदिवसापर्यंत थांबायला सांगू नका : तीव्र स्थूलता असलेल्या मुलांसाठी खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय : तीव्र स्थूलता असलेल्या किशोरवयीन मुलांची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, तिच्या आड येणारी अठरा वर्षांची अट आणि शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीची कोकणात सोय

महोदय,

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गेली २४ वर्षे विज्ञान शिकवते. हे पत्र मी शिक्षिका म्हणून लिहिते आहे आणि एका मुलाची आई म्हणूनही. सोळाव्या वर्षी माझ्या मुलाचे वजन १३६ किलो आणि उंची १६८ सेंटिमीटर होती, आणि त्याच वर्षी मुंबईत त्याच्यावर स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी ही जठराची शस्त्रक्रिया झाली. आज तो १९ वर्षांचा आहे. या पत्रातील ओळ न् ओळ त्याने वाचली आहे, दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली आहे, आणि त्याची हकीकत जाहीरपणे सांगायला त्याची परवानगी आहे. नाव मात्र लिहू नये, असे आम्हा दोघांचेही मत पडले.

माझे मागणे मोजके आहे. कोणत्याही मुलावर घाईने शस्त्रक्रिया करावी, असे मी म्हणत नाही. परंतु ज्या मुलाचा आजार शस्त्रक्रियेपर्यंत येऊन पोचला आहे, त्याला केवळ अठरा वर्षे पूर्ण झाली नाहीत म्हणून ताटकळत ठेवू नये, आणि शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला त्यानंतरची आयुष्यभराची देखरेख कोकणातच मिळावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आमच्याकडे लहान मूल गुटगुटीत असले की घरादाराला बरे वाटते. माझा मुलगा चार वर्षांचा असतानाच त्याचे वजन वयाच्या मानाने फार जास्त होते, पण त्याला पाहायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणे की खात्यापित्या घरचे पोर आहे, उंची सुटेल तसा बारीक होईल. उंची सुटली, वजन तिच्याही पुढे गेले. तो सहावीत असताना त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळी, जाडसर वळी उमटली. मी ती मळाची समजले. रविवारी सकाळी मोरीत त्याला पाटावर बसवून मी घोसाळ्याच्या जाळीने ती मान घासत असे, आणि तो "आई, दुखतंय" म्हणत असे. ती खूण शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची असते, हे विज्ञान शिकवूनही मला ठाऊक नव्हते. दोन वर्षांनी एका बालरोगतज्ज्ञांनी तापासाठी नेलेल्या मुलाची मान उजेडात वळवून पाहिली आणि ताप बाजूला ठेवून आधी साखर तपासायला सांगितली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी (एचबीए१सी) ८.१ टक्के आली. चौदाव्या वर्षी माझ्या मुलाला टाइप टू मधुमेह झाला होता.

पुढच्या वर्षी वजन करायला आम्ही जवळच्या आरोग्य केंद्रात गेलो. तिथला काटा १२० किलोपर्यंतचाच होता आणि तो टोकाला जाऊन थडकला. तिथल्या सिस्टरनी त्याला दोनदा उतरवून पुन्हा चढायला लावले आणि मग हळूच सांगितले की, पलीकडे काजूच्या कारखान्यात मोठा वजनकाटा आहे. काजूबियांच्या गोणींशेजारी त्या काट्यावर माझा मुलगा चप्पल काढून उभा राहिला आणि काट्यावरच्या माणसाने सवयीने आकडा मोठ्याने वाचला. बिया सोलणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यानंतर शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले की त्या दिवशी त्याच्या पोटात दुखू लागे.

रात्रीचे घोरणे म्हणजे गाढ झोप, असाही आमचा समज होता. कोल्हापूरला झोपेची चाचणी झाली तेव्हा तासाला ४२ वेळा त्याचा श्वास अडतो, असे दिसले. नाकावर मुखवटा लावून दाबाने हवा देणारे यंत्र डॉक्टरांनी दिले. ते विजेवर चालते. कोकणातला पावसाळा आपणांस ठाऊक आहे. जूनच्या पहिल्या वादळी पावसात कुठेतरी फणसाची फांदी तारेवर पडते आणि वीज रात्रभर येत नाही. अशा रात्री मी त्याच्या उशाशी बसून अंधारात त्याचा श्वास ऐकत असे. श्वास थांबला की मनात आकडे म्हणायचे आणि वीसच्या पुढे गेले की खांदा हलवायचा. सकाळी तो वर्गात पेंगत असे आणि शिक्षक त्याला आळशी म्हणत. इतरांच्या मुलांना असे म्हणणाऱ्या शिक्षकांत मीही कित्येक वर्षे होते, याची मला आज लाज वाटते.

वेळीच खाणे आवरले असते तर ही पाळी आली नसती, असे आम्हांला अनेकांनी ऐकवले आहे आणि आपल्या विभागातही कोणाच्या मनात ते येईल, म्हणून त्याबद्दल लिहिते. आम्ही आवरले. भात निम्म्यावर आणला, घरातली साखर बंद केली, बेकरीचे बटर आणि खारी आणणे थांबवले, आहारतज्ज्ञांकडे महिन्यातून एकदा गेलो, आणि त्याचे वडील रोज पहाटे त्याच्याबरोबर नदीपर्यंत चालत गेले. आठ महिन्यांत ११ किलो उतरले. पुढच्या वर्षभरात १४ किलो वाढले. वजन उतरू लागले की शरीर त्याला उपासमार समजते : भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, चरबीकडून मेंदूला पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन कमी होते, आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जाही घटते. साधे जास्त वजन असलेल्या मुलाला आहार आणि व्यायाम पुष्कळदा पुरतात. तीव्र स्थूलतेत मात्र शरीर वाढलेले वजनच राखायला झटत असते, आणि पंधरा वर्षांच्या पोराने रोज, दर जेवणाला, त्या शरीराशी झुंजावे अशी आपली अपेक्षा असते. शिवाय शरीराच्या वजनातील फरकांचा मोठा वाटा, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार ४० ते ७० टक्के, अनुवंशातून येतो. माझे सासरे आणि थोरले दीर दोघेही असेच होते, आणि दोघेही पन्नाशी गाठण्यापूर्वी गेले. त्यांच्या फोटोंना हार घालताना मला माझ्या मुलाची बांधणी दिसत असे.

आता शस्त्रक्रियेविषयी. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये दुर्बिणीतून जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि तोच भाग गेल्याने भूकही कमी होते. जेवण कमी मावते हा तिचा फक्त अर्धा परिणाम आहे. दुसरी पद्धत बायपासची, तिच्यात जठराची लहानशी थैली करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, १३ वर्षे आणि त्यापुढच्या वयाच्या तीव्र स्थूलता असलेल्या मुलांना शस्त्रक्रियेच्या मूल्यमापनासाठी तज्ज्ञांकडे पाठवण्याचा पर्याय दिला पाहिजे. वाट पाहत राहिल्याने मुलाचे वजन आपोआप उतरेल, या समजुतीला त्या सूचनांनी थारा दिलेला नाही. त्यांच्या मापाने बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ३५ च्या वर असून सोबत गंभीर आजार असेल, किंवा तो ४० च्या वर असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. लहान वयासाठी हीच मापे वाढीच्या तक्त्यावरून काढतात. आपल्या लोकांना मधुमेह तुलनेने कमी वजनातही गाठतो, म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यांत प्रौढांच्या २३ आणि २७ या आकड्यांशी जुळणाऱ्या रेषा धोक्याच्या म्हणून आखलेल्या आहेत. माझ्या मुलाचा बीएमआय ४८ होता.

आणि इथेच अठरा वर्षांची अट आडवी आली. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींचे प्रमाणित शब्द ठरवून दिले. त्यांत स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा खर्च केव्हा द्यायचा याच्या अटी आहेत : ती डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी, वैद्यकीय निकषांना धरून असावी, विमाधारकाचे वय १८ किंवा अधिक असावे, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एखादा असावा. त्या गंभीर आजारांच्या यादीत झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार आहे आणि आटोक्यात न येणारा टाइप टू मधुमेहही आहे. माझ्या मुलाला दोन्ही होते. डॉक्टरांचा सल्ला होता, निकष जुळत होते, बीएमआय ठरलेल्या आकड्याच्या कितीतरी वर होता. एक जन्मतारीख तेवढी जुळत नव्हती. विमा कंपनीने नियमाप्रमाणेच दावा नाकारला आणि तिच्यावर माझा रोष नाही, कारण तिच्या हातात जो कागद होता त्यावर तेच लिहिलेले होते. आम्ही वेंगुर्ल्याकडची सासरची हापूसची कलमे दोन हंगामांसाठी आगाऊ कराराने दिली आणि मुंबईची गाडी धरली. ज्यांच्याकडे कलमे नाहीत, त्यांनी काय कराराने द्यावे?

ही अट घालणाऱ्यांचा हेतू मुलांना जपण्याचाच असणार, हे मी मान्य करते. वाढत्या वयात अवयव काढून टाकण्याचा विचार कोणालाही अस्वस्थ करतो, मलाही तो करत होता. पण थांबणे म्हणजे मुलाला सुरक्षित ठेवणे नव्हे. किशोरवयात टाइप टू मधुमेह झालेल्या मुलांचा अमेरिकेत टुडे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. ती मुले सरासरी २६ वर्षांची झाली तोवर त्यांच्यापैकी ६० टक्क्यांना मूत्रपिंड, डोळे किंवा नसा यांपैकी निदान एका ठिकाणी मधुमेहाची इजा झालेली होती. सव्विसाव्या वर्षी माणूस नोकरीला लागून स्थिरावत असतो. या वयातला मधुमेह मोठ्या माणसांच्या मधुमेहापेक्षा अधिक झपाट्याने पसरतो, आणि म्हणून इथे गेलेली दोन-तीन वर्षे भरून निघत नाहीत.

शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे काय झाले, याचीही नोंद आहे. टीन-लॅब्ज या अमेरिकन अभ्यासात किशोरवयात बायपास झालेल्या मुलांची तुलना प्रौढपणी तीच शस्त्रक्रिया झालेल्या अशा माणसांशी केली गेली, जी स्वतःही किशोरवयापासून स्थूल होती. पाच वर्षांनी वजन दोन्ही गटांत जवळपास सारखेच उतरलेले होते. पण ज्यांना आधी मधुमेह होता त्यांच्यापैकी किशोरांत ८६ टक्क्यांचा मधुमेह हटलेला होता आणि प्रौढांत ५३ टक्क्यांचा. म्हणजे तीच शस्त्रक्रिया उशिरा केली तर वजन उतरते, मधुमेह मात्र तितका मागे हटत नाही. २०२४ मध्ये याच अभ्यासाचा दहा वर्षांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बीएमआय सरासरी २० टक्क्यांनी कमी राहिला होता आणि आधी मधुमेह असलेल्यांपैकी ५५ टक्के त्यातून मुक्त होते. पाच वर्षांच्या आकड्यापेक्षा हा आकडा खाली आला आहे, ही गोष्ट मी लपवत नाही. तरीही ज्या कुटुंबाने घरात साखरेमुळे पाय कापलेला पाहिला आहे, त्याला दहा वर्षे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

अलीकडे इंजेक्शनाची औषधेही आली आहेत. १२ ते १७ वयाच्या मुलांवर सेमाग्लुटाइडची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ६८ आठवड्यांत बीएमआय सुमारे १६ टक्क्यांनी घटला. ज्यांना ते पुरेल त्यांना शस्त्रक्रिया लागू नये, असेच मला वाटते. मात्र औषध थांबले की वजन परतू लागते, आणि ४८ बीएमआय असलेल्या मुलाला १६ टक्के घट पुरत नाही.

शस्त्रक्रियेची दुसरी बाजूही आपणांसमोर ठेवते, कारण ती ठेवल्याशिवाय माझ्या पुढच्या मागणीला अर्थ उरत नाही. टीन-लॅब्जमध्ये तीन वर्षांनी ५७ टक्के मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा कमी झालेला होता आणि १३ टक्क्यांना पोटाची आणखी एखादी शस्त्रक्रिया किंवा प्रक्रिया लागली होती. बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) यांची कमतरता टाळण्यासाठी गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि सतरा वर्षांचा मुलगा बरे वाटू लागले की सर्वांत आधी गोळ्याच सोडतो. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते. मनाचे दुखणे वजनाबरोबर उतरत नाही. मुलींच्या बाबतीत मला विशेष काळजी वाटते. आपल्या राज्यात किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुलींना आधीच रक्तक्षय आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. मुलीला चांगले स्थळ यावे म्हणून कोणी ही शस्त्रक्रिया मागू लागले, तर डॉक्टरांनी त्या आईवडिलांना दारातूनच परत पाठवावे.

मुंबईला शस्त्रक्रियेपूर्वी बालरोगतज्ज्ञ, हार्मोनतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ अशा चौघांनी माझ्या मुलाला स्वतंत्रपणे तपासले. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला खोलीबाहेर बसवले आणि त्याच्याशी एकट्याशी चाळीस मिनिटे बोलल्या. त्याने त्यांना विचारले होते की, गणपतीत मोदक खाता येतील का. त्यांनी त्याला खरे उत्तर दिले : पहिल्या वर्षी कदाचित नाही, नंतर एक, सावकाश, आणि त्या दिवशी नको वाटला तर नाही. मग त्याने स्वतः होकार दिला. माझी सही कायद्याला हवी होती, पण निर्णय त्याचा होता, आणि अठरा वर्षांखालील मूल असा निर्णय समजून घेऊ शकत नाही असे मानणाऱ्यांनी ती चाळीस मिनिटे ऐकायला हवी होती.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजून, दर पंधरा मिनिटांनी, ३० मिलिलिटर पेजेची निवळ. पुढे पातळ कालवण, मग मऊ भाताबरोबर बोटाएवढा माशाचा तुकडा, काटे काढून, वीस वेळा चावून. जेवताना पाणी नाही. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळले. पण दीड महिन्यातच साखरेची औषधे बंद झाली होती, आणि सातव्या महिन्यात एका पहाटे मी जागी झाले तेव्हा वीज गेलेली होती, यंत्र बंद होते, आणि माझा मुलगा कुशीवर वळून एकसारखा श्वास घेत होता. आज त्याचे वजन ९२ किलो आहे. आपल्या तक्त्यांप्रमाणे तो अजूनही स्थूलच आहे आणि त्याला त्याचे दुःख नाही. तीन महिन्यांची साखर ५.७ आहे.

मी ज्या देखरेखीविषयी बोलते आहे, तिचे मोल आम्हांला तिसऱ्या आठवड्यात कळले. मुंबईहून परतल्यावर त्याला उलट्या सुरू झाल्या आणि तीन दिवस थांबल्या नाहीत. रात्री साडेदहाला आम्ही त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पाणी कमी झाल्याचे ओळखले आणि ग्लुकोजचे सलाईन लावायची तयारी केली. डिस्चार्ज कार्डावर लाल शाईने लिहिलेले एक वाक्य मला आठवले, म्हणून मी मुंबईच्या सर्जनना फोन लावून डॉक्टरांच्या हातात दिला. ते वाक्य थायमिनचे होते. शरीरात थायमिनचा साठा फार थोडा असतो, सतत उलट्या झाल्या की तो काही आठवड्यांत संपतो, आणि अशा रुग्णाला थायमिन न देता नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्या डॉक्टरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, कपाटातून थायमिनचे इंजेक्शन शोधून आधी ते दिले, मगच सलाईन लावले. त्यांचा दोष काहीच नव्हता. असा रुग्ण त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. पण त्या रात्री फोन लागला नसता तर, हा विचार पावसाळ्यात मोबाइलची रेंज जाते तेव्हा अजूनही माझ्या मनात येतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्या योजनेत १३ ते १८ वयोगटातील तीव्र स्थूलतेच्या मुलांवरील या शस्त्रक्रियेची तरतूद नावानिशी असावी, आणि ती मुलाच्या जन्मतारखेवर नव्हे तर बहुशाखीय तज्ज्ञ समितीच्या लेखी निर्णयावर अवलंबून असावी. समितीने मुलाशी आईवडिलांशिवाय बोलणे सक्तीचे करावे. ज्या रुग्णालयात बालरोग, भूल आणि अतिदक्षता विभागांची पूर्ण सोय नाही, तिथे या वयाच्या मुलावर ही शस्त्रक्रिया होऊ देऊ नये, मग तिथला सर्जन कितीही निष्णात असो. विम्यातील वयाची अट राज्य सरकारच्या हातात नाही हे मला समजते, परंतु राज्याने प्राधिकरणाकडे ती बदलण्याची लेखी शिफारस केली, तर एकट्यादुकट्या आईच्या अर्जापेक्षा तिचे वजन निश्चितच जास्त असेल.

शस्त्रक्रिया मुंबईत किंवा पुण्यातच व्हावी, याला माझी हरकत नाही. जिथे ती वारंवार होते तिथेच ती सुरक्षित होते. पण तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला व नंतर दरवर्षी जी रक्ततपासणी लागते, तिच्यासाठी मालवणच्या किंवा गुहागरच्या मुलाने दोन दिवस आणि एक रात्र प्रवासात का घालवावी? अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये उभी आहेत. त्या तिन्ही ठिकाणी महिन्यातून एक दिवस या मुलांसाठी राखून ठेवला, मुंबईच्या तज्ज्ञांना दूरचित्रसंवादाने जोडून घेतले, आणि लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व थायमिन तिथल्या औषध खिडकीवर विनामूल्य मिळतील असे केले, तर त्याला नवी इमारत लागत नाही. आम्ही या गोळ्यांवर महिन्याला सुमारे १,५०० रुपये खर्च करतो. मासळी उतरवणाऱ्या घराला तो खर्च पहिल्या वर्षीच जड होईल, गोळ्या सुटतील, आणि मग शस्त्रक्रिया न केलेली बरी, असे म्हणायची वेळ येईल. याबरोबरच प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात भिंतीवर मराठीत एक कागद लावावा : अशा रुग्णाला उलट्या असल्यास काय आधी द्यायचे, पोटात तीव्र दुखल्यास कोणाला फोन करायचा. आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात २०० किलोपर्यंत मोजणारा एक वजनकाटा द्यावा, जो आडोशाला ठेवलेला असेल.

मुले वेळेत सापडण्याचा मार्गही आपल्याच हातात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याची पथके वर्षातून एकदा प्रत्येक शाळेत येतात. आमच्या शाळेत ती येतात, दात पाहतात, डोळे पाहतात, रक्तक्षय शोधतात, आणि ते काम मोलाचे आहे. पण वजन-उंची लिहून झाल्यावर तो आकडा बीएमआयच्या तक्त्यावर मांडून पुढची चिठ्ठी देण्याचे बंधन असावे, आणि जाड मुलाची मान व रक्तदाब पाहणे तपासणीचा भाग असावे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा केंद्रीय नियम आहे. तो पाळला जावा, हे वेगळे सांगायला नको. पण ज्यांच्यासाठी मी लिहिते आहे ती मुले त्या टप्प्याच्या पुढे गेलेली आहेत, आणि वेफर्सच्या पुड्या बंद केल्याने त्यांचा थांबणारा श्वास सुरू होणार नाही.

हे पत्र मी याच महिन्यात लिहायला बसले, त्याला एक कारण आहे. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा आहे. वडील देवगडला ट्रॉलरवर खलाशी आहेत, आई घरी काजू सोलून देते. मुलाचे वजन १०४ किलो आहे, दुपारच्या तासाला तो बाकावर झोपतो, आणि जूनमध्ये तो फळ्याकडे वळला तेव्हा त्याच्या मानेवर मला तीच काळी वळी दिसली. मी त्याच्या आईला शाळेत बोलावले, माझ्या मुलाची सगळी हकीकत सांगितली, तपासण्यांची नावे कागदावर लिहून दिली. साखर वाढलेली निघाली. परवा ती पुन्हा आली, पदराच्या टोकात तो रिपोर्ट गुंडाळलेला होता. तिने कुठूनतरी अठरा वर्षांच्या अटीचे ऐकले होते. तिने मला विचारले, "बाई, तो अठराचो होयसर आमी थांबूक होया काय?"

तिचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. तिला काय सांगू, ते आपण कळवावे.

आपली विश्वासू,
एक आई आणि माध्यमिक शिक्षिका,
तालुका कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग